केंद्रक कुणाचं ऐकत नाही

(लातूरला अकरावी-बारावीच्या पोरांसमोर केलेलं व्याख्यान, थोडंफार नीट करून उतरवलेलं)

मागं बसलेले पुढं या, पंखा इकडं पण आहे. तुमच्या सरांनी सांगितलं की नीटच्या केमिस्ट्रीत हा अणूच्या केंद्रकाचा आणि त्यातनं निघणाऱ्या किरणांचा धडा येत नाही म्हणून अर्धी पोरं तो सोडून देतात. द्या सोडून, माझं काही म्हणणं नाही, पण आलाच आहात तर तासभर ऐका.

आतापर्यंत केमिस्ट्रीत काय शिकलात, तर इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण. सोडियमनं एक दिला, क्लोरीननं घेतला, झालं मीठ. जाळा, उकळा, ॲसिडात टाका, सगळा कारभार बाहेरच्या इलेक्ट्रॉनचा आणि आतलं केंद्रक आहे तस्सं. तांब्याचं सोनं करायच्या नादात लोकांनी पिढ्यानपिढ्या भट्ट्या फुंकल्या आन हातात काही आलं नाही ते यामुळंच. भट्टीची आच केंद्रकापर्यंत पोचतच नाही.

१८९६ मध्ये पॅरिसला बेकेरेलनं युरेनियमचे क्षार फोटोच्या प्लेटवर ठेवले, आभाळ आलेलं, ऊन नाही, म्हणून सगळं ड्रॉवरमध्ये टाकलं तरी प्लेट काळी पडली, म्हणजे युरेनियम आपणहून किरणं सोडतं, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. मला विचाराल तर खरी केमिस्ट्री त्याच्यानंतर मेरी क्युरीनं केली. तिनं युरेनियमची वेगवेगळी संयुगं घेतली आणि त्यांच्या किरणांमुळं हवेतून जो बारीकसा करंट जातो तो मोजत बसली. तिला दिसलं काय, तर संयुग कोणतं का असेना, ओलं असो, कोरडं असो, युरेनियम जितकं तितकीच किरणं. म्हणजे ही भानगड अणूच्या आतली आहे, बाकीच्यांशी झालेल्या बंधांची नाही. मग पिचब्लेंड नावाचं युरेनियमचं खनिज मोजलं तर ते शुद्ध युरेनियमपेक्षा जास्त भरलं! म्हणजे आत आणखी कुणीतरी लपलंय. १८९८ च्या जुलैत पोलोनियम आणि डिसेंबरात रेडियम जाहीर झालं ते असं.

केंद्रकातनं निघणारी किरणं तीन जातीची, अल्फा, बीटा आणि गॅमा. अल्फा गेला की अणुक्रमांक (प्रोटॉन किती) २ नं आणि वस्तुमानांक (प्रोटॉन-न्यूट्रॉन मिळून किती) ४ नं कमी, बीटा गेला की अणुक्रमांक १ नं वाढतो, गॅमात दोन्ही तेच राहतात. हे पुस्तकात आहे, वाचून घ्या, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

सांगण्यासारखं आहे ते १९३४ चं. मेरीची मुलगी इरेन आणि जावई फ्रेडरिक जोलिओ. त्यांनी ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यावर पोलोनियममधनं निघणारे अल्फा कण मारले. मग पोलोनियम बाजूला काढलं तरी किरणं मोजणारा काउंटर टिकटिक करतोच आहे. म्हणजे पत्र्यात काहीतरी नवीन तयार झालंय. फळ्यावर बघा, ॲल्युमिनियम २७ मध्ये अल्फाचे ४ मिळवले, ३१ झाले, एक न्यूट्रॉन बाहेर पडला, राहिले ३०. अणुक्रमांक १३ अधिक २, पंधरा. पंधरा म्हणजे कोण? फॉस्फरस, बरोबर. पण कागदावर फॉस्फरस येतोय म्हणून जग मानत नसतं, दाखवायला लागतं, आणि तयार झालेले अणू इतके थोडे की कुठल्याच तराजूत येणार नाहीत, वरून अर्धे दोन-तीन मिनिटांत गायब. मग त्यांनी काय केलं, पत्रा हायड्रोक्लोरिक ॲसिडात विरघळवला. ॲल्युमिनियम द्रावणात राहिलं, हायड्रोजन वायू सुटला, आणि फॉस्फरस असेल तर तो हायड्रोजनशी मिळून फॉस्फिन वायू होऊन त्याबरोबर वर जाणार. वायू नळीत धरला, काउंटरजवळ नेला, तर टिकटिक वायूत! खाली राहिलेल्या ॲल्युमिनियममध्ये नाही. सगळं काही मिनिटांत उरकायचं होतं बरं का. माणसानं बनवलेलं पहिलं रेडिओॲक्टिव्ह, म्हणजे आपणहून किरणं सोडणारं, मूलद्रव्य असं हातात आलं, १९३५ चं केमिस्ट्रीचं नोबेल त्यालाच. केंद्रक कुणाचं ऐकत नाही, पण कशाचं काय झालं हे ओळखायला तुमची साधी ॲसिडची केमिस्ट्रीच लागते.

आता हाफ लाइफ, म्हणजे निम्मे अणू बदलायला लागणारा वेळ. इथं सगळे गचके खातात. आयोडीन १३१ चं हाफ लाइफ ८ दिवस, मग १६ दिवसांत संपलं का? नाही. ८ दिवसांत अर्धं, १६ दिवसांत पाव, २४ ला अष्टमांश. ८० दिवस झाले तरी १०२४ वा भाग उरतोच. फ्रिजमध्ये ठेवा नाहीतर कुकरमध्ये शिजवा, आठ दिवस ते आठ दिवसच. (बारीकसे अपवाद आहेत, ते एमएस्सीला गेल्यावर बघा.)

याचा उपयोग आपल्या पायाखाली आहे. आपल्याकडचा हा काळा दगड, बेसाल्ट, लाव्हा थंड होऊन झालाय. त्यात थोडं पोटॅशियम असतं आणि त्यातलं अगदी किंचित, दहा हजारात एखादा अणू, पोटॅशियम ४०. हाफ लाइफ १२५ कोटी वर्षं. त्यातल्या बहुतेकांचं कॅल्शियम होतं, पण साधारण अकरा टक्क्यांचं होतं आरगॉन ४०. कॅल्शियम दगडात आधीपासून भरपूर असतं त्यामुळं त्याचा हिशोब लागत नाही. आरगॉन मात्र निष्क्रिय वायू, कुणाशी बंध करत नाही, लाव्हा पातळ असताना उडून जातो. दगड घट्ट झाला की पुढं तयार होणारा आरगॉन आतच कोंडतो. तेवढा मोजला की घड्याळ वाचता येतं. दख्खनच्या या दगडाचं वय त्यावरून सुमारे ६.६ कोटी वर्षं येतं. पण वेरूळचं कैलास लेणं कधी कोरलं ते या घड्याळात दिसायचं नाही, कारण छिन्नीनं दगड वितळत नाही, ते आठव्या शतकातलं हे इतिहासवाल्यांकडूनच घ्यायचं.

आणखी एक, भुईमुगाचं टीएलजी-४५ हे वाण मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं आपल्या लातूरच्या संशोधन केंद्राबरोबर काढलेलं. भाभा केंद्र मुंबईत ट्रॉम्बेला आहे, तिथल्या या वाणांच्या मागच्या पिढ्यांत बियांना किरणं देऊन जनुकांत बदल घडवलेत. शेंगा रेडिओॲक्टिव्ह नसतात, खुशाल भाजून खा.

प्रश्न आला का? हां, बोल बाई. आजीला शेक, म्हणजे उपचाराची किरणं, दिलेत आणि घरचे म्हणायलेत की तिच्याजवळ लहान लेकरू बसवायचं नाही.

बसवू दे. बाहेरनं मशीननं शेक देतात तेव्हा कोबाल्ट ६० मशीनमध्येच राहतं, अंगात शिरतात ते नुसते गॅमा किरण, त्यांचं काम झालं की संपलं, अंगात काही साठत नाही. आता तर बऱ्याच ठिकाणी लिनॅक, म्हणजे विजेवर किरणं तयार करणारं मशीन, असतं, त्यात रेडिओॲक्टिव्ह पदार्थच नसतो, बटण बंद की किरणं बंद. हां, थायरॉइडच्या पेशंटला आयोडीन १३१ पाजतात ते वेगळं, तिथं पदार्थच पोटात जातो आणि तो माणूस स्वतः काही दिवस किरणं सोडतो, म्हणून वेगळ्या खोलीत ठेवतात आणि घरी गेल्यावरही लेकरं, पोटुशी बाई यांना लांब ठेवायला सांगतात. तेव्हा डॉक्टरला एवढं विचारायचं, औषध अंगात दिलंय का किरणं बाहेरनं दिलीत. तुझ्या आजीला बाहेरनं ना? मग दे लेकरू मांडीवर.