जहाज वाचायला शिकू या

(वाशी येथील व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येकाच्या घरात उरणजवळच्या शेवा (न्हावा-शेवा) बंदरातून आलेली एखादी वस्तू असेल. पण बंदर फार थोड्यांनी पाहिलेलं असतं. उलव्याहून उरणकडे जाताना ट्रेलरची रांग लागते, लांबवर क्रेनचे माथे दिसतात, तेवढंच. मग जहाजाचा फोटो काढायचा म्हटलं की आपण सूर्यास्ताची वाट बघतो. मागे केशरी आभाळ, पुढे काळी आकृती. त्या फोटोत काम कुठेच नसतं. मालवाहू जहाज ही कामाची जागा आहे आणि फोटोत ते काम दिसलंच पाहिजे, एवढंच मला आज सांगायचं आहे.

त्यासाठी आधी जहाज वाचता यायला हवं. नाळेपाशी, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाशी, एकावर एक आकडे रंगवलेले असतात. मीटरमधल्या खुणा असतील तर आकडा १० सेंटिमीटर उंच असतो, आणि त्याची खालची कड जिथे पाण्याला टेकते तितकं जहाज बुडालेलं असतं. माल उतरत जातो तसे आकडे वर येतात, खालचा तांबडा रंग उघडा पडतो. एकाच जहाजाचे माल उतरण्याआधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवा. मधल्या वेळात किती काम झालं ते शब्दांशिवाय कळतं.

जहाजाच्या कुशीवर मधल्या भागात एक वर्तुळ आणि त्यातून गेलेली आडवी रेघ असते; माल भरून जहाज किती बुडू द्यायचं, त्याची ही मर्यादा. जादा माल भरलेली जहाजं बुडत होती, खलाशी मरत होते, म्हणून सॅम्युएल प्लिमसॉल हे ब्रिटिश खासदार झगडले आणि १८७६ च्या कायद्याने ही खूण सक्तीची झाली. ती माझ्या फ्रेममध्ये आली की मी ती कधीच कापत नाही.

आता माणसं. बंदरात शिरणाऱ्या जहाजावर पायलट, म्हणजे बंदराच्या पाण्यातून त्याला वाट दाखवणारा माणूस, चढतो तो क्षण बघा. जहाज चालतंच असतं, पायलटची बोट त्याला चिकटते, आणि तो दोरशिडीने वर जातो. पाण्यापासूनची चढण ९ मीटरपेक्षा जास्त असेल तर दोरशिडीला वरून जहाजाचा जिनाही जोडावा लागतो. पावसाळ्यातल्या लाटांत हे काम करणाऱ्याकडे बघून जहाजाची उंची जशी कळते, तशी कुठल्याही रुंद लेन्सने कळणार नाही. तीच गोष्ट दोर बांधणाऱ्यांची. आधी बारीक दोरी धक्क्यावर फेकतात, तिला बांधून जाड दोर ओढून घेतात, त्याचा फास खुंटावर चढवतात. ताणलेला दोर तुटला तर चाबकासारखा उलटतो, त्यात माणसं दगावली आहेत.

कंटेनर जहाज धक्क्याला पुष्कळदा एक दिवससुद्धा थांबत नाही. खलाशाला गाव बघायलाही मिळत नाही. २०२० मध्ये करोनाच्या निर्बंधांमुळे करार संपूनही जगभरात सुमारे चार लाख खलाशी जहाजांवर अडकून पडले होते. रेलिंगला टेकून किनाऱ्याकडे बघणारा माणूस दिसला तर त्याच्यासाठी थांबा. हात हलवा, तोही हलवेल.

आणि जहाजासमोरची छोटी होडी. ती जहाज किती मोठं आहे हे दाखवायला ठेवलेली वस्तू नाही. ते पाणी कोळ्यांच्या मासेमारीचं आहे; बंदरासाठी शेवा कोळीवाडा उठवला गेला. नवी मुंबईसाठीच्या भूसंपादनाविरुद्ध जानेवारी १९८४ मध्ये, दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात, उरण तालुक्यातले पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मा झाले. बंदर सुरू झालं १९८९ मध्ये. हे माहीत असेल तर होडीवर फोकस कुठे करायचा, ते मला सांगावं लागणार नाही.

फोटो काढायचे कुठून? बंदराच्या आत परवानगीशिवाय कॅमेरा नाही, आणि ते योग्यच आहे. अटल सेतूवर गाडी थांबवायला मनाई आहे. भाऊचा धक्का ते मोरा ही लाँच मात्र सगळ्यांची आहे, आणि घारापुरीच्या तोफांच्या टेकडीवरून क्रेन आणि जहाजं नीट दिसतात. कोणी सुरक्षारक्षकाने हटकलं तर हुज्जत न घालता कॅमेरा खाली ठेवा. लाँच थरथरते, म्हणून शटर एक हजारांश सेकंदाच्या आसपास असू द्या. दुपारी पाण्यावरची गरम हवा लांब लेन्सचं सगळं चित्र विरघळवते. पाऊस सरल्यावर हवा धुतलेली असते, तेव्हाची सकाळ उत्तम.

फोटोखाली जहाजाचं नाव लिहाच, पण सात आकडी आयएमओ (आंतरराष्ट्रीय सागरी संघटना) क्रमांकही लिहा. मालक बदलतो, झेंडा बदलतो, नाव बदलतं. क्रमांक भंगारात निघेपर्यंत तोच राहतो. तारीख, वेळ आणि भरती होती की ओहोटी हेही टिपा. आपल्याकडे उधाणाला पाणी चार-पाच मीटर चढतं-उतरतं. धक्क्यापेक्षा जहाज उंच दिसतंय ते माल उतरल्यामुळे की पाणी चढल्यामुळे, हे त्या नोंदीवरून आणि नाळेवरच्या आकड्यांवरून ठरवता येतं.