उलटी लटकलेली ती

हे बघा, खिडकीच्या वरचा कोपरा. इथं कसलाच आकार नसलेलं, सगळा गुंता झालेलं जाळं दिसतंय ना, त्यावर धूळ बसली की आपण जळमट म्हणतो आणि सरळ झाडू घेतो. थांबा जरा, आधी टॉर्च मारून बघू.

ती बघा, उलटी लटकलीय! कॉमन हाऊस स्पायडर या कोळ्याची मादी. अंग जेमतेम ५-६ मिलिमीटर, रंग मातकट, त्यावर पांढुरके-काळपट डाग, पोट मात्र टम्म गोल. शेजारी तपकिरी, कागदासारखी, थेंबाच्या आकाराची पिशवी आहे ना, त्यात तिची अंडी, शेकड्यांनी.

आता खाली ताणलेले ते धागे बघा, मला तर हे कितीही वेळा बघितलं तरी नवलच वाटतं. चिकट थेंब फक्त त्यांच्या खालच्या टोकाला असतात, मुंगी चालत आली, चिकटली, धडपडली की धागा खालून सुटतो आणि ताणामुळे मुंगी थेट वर उचलली जाते, हवेत लोंबकळत. मग ही खाली येते आणि मागच्या पायांनी तिच्यावर चिकट रेशीम फेकते, त्या पायांवर कंगव्यासारखे केस असतात.

चला अंगणात. कुंडीमागे ही गडद, जांभळट-तपकिरी दिसतेय, हिला फॉल्स विडो म्हणतात. चावली तर दुखतं, सूज येऊ शकते, पण ती आपणहून अंगावर येत नाही. हिला अतिविषारी ब्लॅक विडो कोळी समजून खूप जण मारतात, खरंच वाईट वाटतं. ब्लॅक विडोची मादी चकचकीत काळी आणि बहुतेकींच्या पोटाखाली लाल डमरू असतो. जाळं जमिनीलगत असेल तर वरून वाकून बघा, ती उलटी असते म्हणून पोटच समोर येतं, हात लावायची गरजच नाही. डमरू लाल असो की नारिंगी, किंवा अंड्यांची पिशवी काटेरी गोळ्यासारखी दिसली, किंवा नुसती शंका आली तरी लांबच राहा.

आणि हा लांबलचक पायांचा, हात जवळ नेला की जाळ्यासकट गरागरा हलणारा? तो वेगळ्याच कुळातला, सेलर स्पायडर, निरुपद्रवी, दुसऱ्या कोळ्यांनाही खातो.

शिकार मिळाली नाही की हाऊस स्पायडर जाळं सोडून दुसरीकडे नवं विणते, म्हणून घरातली बरीच जळमटं रिकामी असतात. ती खुशाल काढा, हिचं तेवढं राहू द्या.