कूपरचा कट्टा: एक उडी, एक टाय आणि ५० वर्षांचं भांडण

[टेबलावर एक तुटका रबरबँड, एक काळा टाय, नोटांच्या आकाराच्या कोऱ्या कागदांचे तीन गठ्ठे]

नमस्कार मंडळी. हा रबरबँड बघा. माझ्या टेबलाच्या खणात जुन्या लाइटबिलांना गुंडाळलेला होता. काल सहज ओढला तर तटकन तुटला, आणि अर्धा तिथेच कागदाला चिकटून बसला. नखाने खरवडला तरी निघेना. हा इथेच राहू दे, थोड्या वेळाने याचं काम आहे. अमेरिकेत चांगली शिकलीसवरलेली, नोकरीधंदा सांभाळणारी माणसं आहेत, जी दर वर्षी नोव्हेंबरात एकत्र जमतात आणि तावातावाने भांडतात. त्यांच्या भांडणाच्या विषयांतला एक म्हणजे, नदीकाठच्या वाळूत रबरबँड किती दिवस टिकतो?

आता मूळ प्रकरण: डी. बी. कूपर, विमान पळवून, पैसे घेऊन उडी मारलेला आणि आजवर न सापडलेला माणूस. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं कळ काढा.

२४ नोव्हेंबर १९७१, बुधवार. दुसऱ्या दिवशी थँक्सगिव्हिंग, म्हणजे सगळी अमेरिका घरच्या जेवणाला निघालेली. पोर्टलंडच्या विमानतळावर गडद सूट घातलेला, पंचेचाळिशीचा एक माणूस येतो आणि २० डॉलर रोख मोजून सिएटलचं तिकीट घेतो. नाव सांगतो डॅन कूपर. ओळखपत्र नाही, बॅगेची तपासणी नाही. त्या काळात तिकडे विमानात चढणं म्हणजे आपल्याकडे एसटीत चढण्यासारखंच होतं. विमान नॉर्थवेस्ट ओरिएंट कंपनीचं, बोइंग ७२७, फ्लाइट ३०५. प्रवास जेमतेम अर्ध्या तासाचा.

हा गडी मागे बसतो, बर्बन आणि सोडा मागवतो आणि हवाई सुंदरीच्या हातात एक चिठ्ठी देतो. तिला वाटतं, फोन नंबर असणार. असले प्रवासी रोजचेच. ती चिठ्ठी न वाचता पर्समध्ये टाकते. तेव्हा तो वाकून सांगतो की बाई, वाचा ती चिठ्ठी, माझ्याकडे बॉम्ब आहे. बॅग किलकिली करून आतल्या लाल नळकांड्या आणि वायर दाखवतो. मागण्या अशा: २ लाख डॉलर, ४ पॅराशूट, आणि सिएटलला उतरल्यावर इंधनाची गाडी तयार.

चार पॅराशूट कशाला? त्यातच त्याची हुशारी दिसते, असं बऱ्याच जणांचं म्हणणं. एकच मागितलं असतं तर बिघडवून देण्याचा मोह झाला असता. चार मागितल्यावर पोलिसांना वाटणार की हा कुणाला तरी ओलीस घेऊन सोबत उडी मारायला लावेल, मग खराब पॅराशूट देणार कसं?

पैसे आले, पॅराशूट आली, बाकीचे सगळे प्रवासी सुखरूप उतरले. विमान परत उडालं, मेक्सिको सिटीच्या दिशेने, वाटेत रीनोला इंधन घ्यायचं ठरलं. कूपरच्या अटी नेमक्या होत्या: १०,००० फुटांच्या वर जायचं नाही, चाकं खालीच ठेवायची, पंखांचे फ्लॅप, म्हणजे मागच्या झडपा, १५ अंशांवर, म्हणजे वेग कमी. बोइंग ७२७ ला शेपटीखालून उतरणारा एक जिना असतो. रात्री ८ च्या सुमारास कॉकपिटमध्ये त्या जिन्याचा दिवा लागला. थोड्या वेळाने शेपटीला एक हिसका बसला. रीनोला उतरून बघतात तर जिना उघडा आणि माणूस गायब.

बाहेर काळोख, पाऊस, खाली वॉशिंग्टन राज्यातलं जंगल. अंगात सूट, पायात साधे बूट. २० डॉलरच्या १०,००० नोटा, म्हणजे अंदाजे १० किलो वजन, पॅराशूटच्या कापलेल्या दोऱ्यांनी बांधलेलं. पुढच्या जानेवारीत एफबीआयने तेच विमान परत उडवलं आणि त्या जिन्यावरून ९० किलोचं वजन खाली ढकललं. अगदी तसाच हिसका बसला. त्यावरून उडीची वेळ धरली साधारण ८ वाजून १३ मिनिटं.

आणि हो, 'डी. बी.' हे नाव त्याचं नव्हेच. पोलिसांनी पोर्टलंडच्या डी. बी. कूपर नावाच्या एका माणसाची चौकशी करून त्याला सोडलं, आणि बातमीच्या घाईत त्याचंच नाव छापून गेलं. ते जे चिकटलं ते आजतागायत. ज्या बिचाऱ्याचा काही संबंध नाही, त्याच्या नावाने जत्रा भरते!

जत्रा हा शब्द मी गमतीने वापरत नाही. उडी जिथे पडली असावी असं सुरुवातीला वाटलं, तिथे एरियल नावाचं छोटंसं गाव आहे. तिथल्या दुकान-कम-बारमध्ये सत्तरच्या दशकापासून थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी कूपर डे साजरा व्हायचा. भिंतीभर कात्रणं, बिअर, आणि कूपरसारखं कोण दिसतं याची स्पर्धा. काळा सूट, काळा गॉगल घातलेले वीस-पंचवीस कूपर एका खोलीत, ही कल्पना करून बघा. पुढे त्या बारची मालकीण वारली आणि तिथली जत्रा थांबली. २०१८ पासून मात्र कूपरकॉन नावाचं संमेलन सुरू झालं. काही वर्षं जागा होती पोर्टलंडच्या नदीपलीकडचं व्हँकुव्हर; कॅनडातलं नव्हे, वॉशिंग्टनमधलं. इथे भाषणं असतात, नकाशे असतात, निवृत्त तपास अधिकारी येतात, आणि प्रत्येकाच्या काखेत एक फाइल असते.

आता एक मिनिट थांबतो. तुमच्यापैकी काहींच्या कपाळाला आठी पडली असेल, आणि पडायलाच हवी. आपल्याकडे विमान अपहरण म्हटलं की १९९९ चं कंदहार आठवतं, आणि लग्नानंतर फिरायला गेलेला तो तरुण, जो परत आला नाही. १९८६ मध्ये मुंबईहून निघालेल्या पॅन अ‍ॅमच्या विमानात कराचीला काय झालं, नीरजा भनोतचं काय झालं, हे मुंबईकरांना सांगायला नको. त्यावर कोणी गॉगल लावून स्पर्धा भरवेल? कूपरच्या वाट्याला जत्रा आली, कारण त्या रात्री कुणाला खरचटलंही नाही, निदान अंगाला तरी. पण टीना मकलो नावाची दुसरी, २२ वर्षांची हवाई सुंदरी काही तास बॉम्बच्या शेजारच्या सीटवर बसून होती, त्याची सिगरेट पेटवून देत होती. ती पुढे कित्येक वर्षं या विषयावर बोललीच नाही. माझ्या मते जत्रेतल्या प्रत्येक गॉगलवाल्याने हे एकदा आठवावं. असो.

आता भांडणाकडे.

या लोकांचे दोन गट आहेत. ते स्वतःला असं म्हणवत नाहीत, हे नामकरण माझं. एक गट नावावाल्यांचा आणि दुसरा वस्तूवाल्यांचा.

नावावाले आधी माणूस पकडतात. आमचे काका, आमचा शेजारी, माझा पहिला नवरा. मग पुरावे त्याच्या मापाने शिवतात. आपल्याला हा प्रकार नवा नाही. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिलाच होता की, आणि त्याला खरा मानणारेही निघाले. माणूस गेला कसा हे कुणी पाहिलं नाही की तोतयाला जागा मिळते. इथे तर पहिल्या पाच वर्षांतच एफबीआयने ८०० हून अधिक संशयित तपासले. १९९५ मध्ये फ्लोरिडात एका माणसाने मरताना बायकोला सांगितलं की मीच डॅन कूपर. तिला ते नावही माहीत नव्हतं. नंतर कूपरच्या टायवर मिळालेल्या अर्धवट डीएनएशी त्याचा डीएनए जुळला नाही. आणि सगळ्यात तगडा उमेदवार म्हणजे रिचर्ड मॅकॉय. त्याने एप्रिल १९७२ मध्ये अगदी याच पद्धतीने दुसरं ७२७ पळवलं, ५ लाख डॉलर घेतले आणि यूटा राज्यात उडी मारली. पकडला गेला, तुरुंगातून पळाला, १९७४ मध्ये चकमकीत मेला. त्याचे समर्थक आजही छातीठोकपणे सांगतात, हाच तो. पण मॅकॉय तेव्हा तिशीच्या आतला, आणि साक्षीदारांनी पाहिलेला माणूस पंचेचाळिशीचा. हे सांगितलं की समोरचा म्हणतो, मेकअप केला असेल. आता यावर काय बोलणार?

वस्तूवाल्यांची मजा वेगळी आहे. त्यांच्याकडे सामान किती? या टेबलावर मावेल एवढं.

[टाय उचलून]

हा टाय. म्हणजे त्याचा नव्हे, माझ्या भाच्याच्या शाळेचा. पण प्रकार तोच: गाठ आधीच बांधलेली, कॉलरला नुसता अडकवायचा. कूपरचा काळा टाय सीटवर राहिला. सोबत ८ सिगरेटची थोटकंही राहिली होती, ती पुढे गहाळ झाली. हो, गहाळ! डीएनएचा जमाना येईपर्यंत ती सांभाळली असती तर हा व्हिडिओ पाच मिनिटांचा झाला असता.

टाय मात्र आहे. शर्ट-पँट धुतात, टाय कोण धुतो? वर्षानुवर्षांची धूळ त्यात साठते. एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने २००० च्या दशकात हौशी अभ्यासकांना दार उघडून दिलं. टॉम के या जीवाश्म अभ्यासकाच्या गटाने टायवर चिकटपट्टी लावून कण उचलले आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. त्यात निघालं शुद्ध टायटॅनियम. १९७१ मध्ये ते किराणा दुकानात उडणारी धूळ नव्हतं. मोजक्या धातू आणि रासायनिक कारखान्यांत, विमान उद्योगात सापडणारं. आणि कारखान्यात टाय कोण घालतो? मजूर नव्हे. इंजिनिअर, सुपरवायझर. बरं, त्याच १९७१ मध्ये बोइंगचा स्वनातीत, म्हणजे आवाजाहून वेगवान, प्रवासी विमानाचा प्रकल्प गुंडाळला गेला आणि सिएटलमध्ये हजारोंच्या नोकऱ्या गेल्या. अंगावर काटा येतो ना? येऊ दे, पण लगेच उडी मारू नका. टाय त्याने जुन्या बाजारातून घेतलेला असू शकतो. मग ती धूळ दुसऱ्याच कुणाची.

आता रबरबँड.

फेब्रुवारी १९८०. कोलंबिया नदीच्या काठी टीना बार नावाचा वाळूचा किनारा. ८ वर्षांचा मुलगा शेकोटीसाठी हाताने वाळू सारखी करतोय, आणि त्याला नोटांचे तीन गठ्ठे लागतात. कडा झिजून नोटा गोलसर झालेल्या, काळपटलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या. २९० नोटा, ५,८०० डॉलर. बँकेने देण्याआधी सगळ्या नोटांचे क्रमांक टिपून ठेवले होते. जुळले. उरलेल्या ९,७१० नोटा आजपर्यंत एकाही गल्ल्यात आलेल्या नाहीत.

पण एरियल आहे लुईस नदीच्या काठी, आणि लुईस नदी कोलंबियाला मिळते ती टीना बारच्याही पुढे. म्हणजे साताऱ्याला वेण्णेत पडलेली वस्तू वाईच्या घाटावर सापडावी, तसं झालं. पाणी उलटं वाहिलं का? इथून सगळी फाटाफूट. एक म्हणतो, विमानाचा मार्गच चुकीचा धरला. दुसरा म्हणतो, उडी पूर्वेला वाशूगल नदीच्या खोऱ्यात पडली, ती नदी कोलंबियाला टीना बारच्या अलीकडे मिळते. तिसरा म्हणतो, कुणीतरी हाताने पुरल्या. चौथा १९७४ मध्ये तिथे नदीतला गाळ उपसून काठावर टाकला होता, त्याचे कागद काढतो.

आणि नोटा सापडल्या तेव्हा त्यांच्यावर रबरबँड होते. ठिसूळ, हात लावताच चुरा होणारे, पण होते. हा माझा सुक्या खणातला बघा. मग वाळूत, पाण्यात वर्षानुवर्षं लोळलेल्या गठ्ठ्यावर तो टिकेल? म्हणजे नोटा फार भटकल्या नाहीत, लवकर पुरल्या गेल्या. रबरबँडवाले खूश.

तोवर २०२० मध्ये टॉम केच्याच गटाचा आणखी एक अभ्यास आला. नदीच्या पाण्यात डायाटम नावाची सूक्ष्म शेवाळं असतात, काचेच्या कवचाची. ऋतू बदलतो तशी त्यांची जात बदलते, जसा आपल्याकडे बाजारात आधी हापूस, मग जांभूळ. नोटांवर सापडली ती वसंतात बहरणारी, हिवाळ्यातली नाहीत. आता आली का पंचाईत? उडी नोव्हेंबरात. नोटा त्या रात्रीच नदीत पडून भिजल्या असत्या तर त्यांच्यावर हिवाळ्याची खूण हवी होती. म्हणजे काही महिने त्या कुठेतरी कोरड्या होत्या. कुठे? कुणाकडे? आणि मग रबरबँडचं काय?

मला या सगळ्यात हेच आवडतं. नावावाल्यांनी ५० वर्षांत ढिगाने माणसं उभी केली, पण आपल्याला एकही नवी गोष्ट कळली नाही. शेवाळाने कळली.

एफबीआयने जुलै २०१६ मध्ये तपास थांबवला. थांबवताना सांगितलं ते असं, की खास त्या पॅराशूटशी किंवा त्या पैशांशी जोडलेली वस्तू हाती लागली तर आणून द्या. संशयितांची नावं नकोत. टाय मात्र त्यांनी स्वतःकडे ठेवलाय, आणि २०२३ मध्ये एका हौशी शोधकाने त्याच्या तपासणीसाठी थेट कोर्टात दावा ठोकला. टायसाठी सरकारवर खटला! माझा आवडता माणूस तोच.

तेव्हा सिएटल आणि पोर्टलंडच्या मराठी मंडळींनो, तुम्ही दर शनिवारी ट्रेकचे फोटो टाकता, ते आम्ही बघतो. वाशूगलच्या बाजूला गेलात आणि झाडावर जुनं, विटलेलं नायलॉनचं कापड लटकलेलं दिसलं, तर ओढू नका. आधी फोटो, मग लोकेशन, मग फोन. आणि शेजारी पिशवी असेल तर तिची गाठ सोडू नका. ती दोरी कापली कशी, बांधली कशी, यावरच इथे पुढची दहा वर्षं भांडता येईल.