फिनिशिंग मॉवर: रोटाव्हेटरचा हात इथे चालत नाही

(शाळा-कॉलेजांची आणि क्लबांची मैदाने सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)

मंडळी, तुमच्यातले बहुतेक जण मैदानावर येण्याआधी शेतात ट्रॅक्टर चालवून आलेले आहेत. नांगर, ट्रॉली, आणि सगळ्यात जास्त रोटाव्हेटर. त्यामुळे ट्रॅक्टरमागे पीटीओवर (इंजिनाची ताकद मागच्या यंत्राला देणाऱ्या फिरत्या दांड्यावर) फिरणारे काहीही जोडले की हात आपोआप रोटाव्हेटरच्या सवयीने चालतो. फिनिशिंग मॉवर म्हणजे मैदानाचे गवत एकसारखे कापणारे ट्रॅक्टरमागचे यंत्र. त्याच्या ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या बऱ्याचशा या सवयीतूनच निघालेल्या असतात.

रोटाव्हेटरचा रोटर मिनिटाला दोनशेच्या आसपास फिरतो. मातीत घुसायचे, ढेकळे फोडायची, म्हणजे ताकदीचे काम. मॉवरमध्ये पीटीओचे ५४० फेरे गिअरबॉक्स आणि पुल्या मिळून साधारण पाचपट करतात. पाच फुटी मॉवरला तीन पाती असतात, प्रत्येक पन्नासेक सेंटिमीटर लांब. मिनिटाला २७०० फेरे धरले तर पात्याचे टोक ताशी अडीचशे किलोमीटर वेगाने जाते. एवढा वेग कशाला? विळ्याने कापताना डाव्या हातात गवताची मूठ धरलेली असते, म्हणून विळा सावकाश ओढला तरी चालते. इथे गवताला धरणारे कोणी नाही. गवताला वाकायला सवड मिळायच्या आत पाते पोहोचले पाहिजे.

आता रोटाव्हेटरची पहिली सवय बघा: डिझेल वाचवायचे म्हणून रेस कमी ठेवायची आणि वरचा गिअर टाकायचा. मॉवरला ५४० म्हणजे ५४०च द्यायचे. तुमच्या ट्रॅक्टरच्या मीटरवर इंजिनाच्या कोणत्या फेऱ्यांना पीटीओचे ५४० होतात, त्याची खूण असते. ती शोधा, काटा तिथे ठेवा आणि वेग कमी करायचा असेल तर गिअर बदला, रेस नाही. ताशी पाच किलोमीटरने चालताना, पूर्ण रेसवर, पात्याच्या प्रत्येक फटक्याला जेमतेम दीड सेंटिमीटर गवत येते. रेस दोन तृतीयांशावर आणली आणि ताशी आठने पळवले, तर त्याच फटक्याला पावणेचार सेंटिमीटर येते, आणि तेही मंदावलेल्या पात्याला. मग गवत कापले न जाता झोडपले जाते. ज्यांच्या ट्रॅक्टरला उलटा फिरणारा पीटीओ आहे, त्यांनी लिव्हर नीट बघून टाकावा. पाती उलटी फिरली तर धारेची बाजू मागे राहते.

दुसरी सवय लिफ्टची. रोटाव्हेटरची खोली आपण हायड्रॉलिकवर धरतो. मॉवरला स्वतःची चाके आहेत आणि कापण्याची उंची त्या चाकांवर ठरते. लिफ्ट पूर्ण खाली सोडायची आणि मॉवर जमिनीच्या चढउताराप्रमाणे स्वतः वरखाली होऊ द्यायचा. टॉप लिंकला, म्हणजे ट्रॅक्टर आणि मॉवर यांना वरच्या बाजूने जोडणाऱ्या दांड्याला, खेळायला जागा हवी. टॉप लिंक ताणून घट्ट केली की ट्रॅक्टर चढउतारावर येताच मॉवर मागून उचलला जातो आणि पुढची कडा जमीन खरवडते. मैदानावर मातीचे अर्धवर्तुळाकार चट्टे दिसले की आधी टॉप लिंक बघा.

तिसरी सवय मला सगळ्यात जास्त काळजीची वाटते: शेतात दगड लागला तर लागला. आपल्याकडे बांधावरचे गवत मारायला जो स्लॅशर वापरतात, त्याची पाती बोल्टवर सैल लोंबकळतात, दगड लागला की मागे झुकतात. फिनिशिंग मॉवरचे पाते थेट स्पिंडलला (पाते ज्यावर फिरते त्या उभ्या आसाला) घट्ट आवळलेले असते. दगडाचा सगळा मार स्पिंडलच्या शाफ्टला आणि बेअरिंगला बसतो, आणि जे उडते ते बंदुकीच्या गोळीसारखे जाते. शाळेच्या मैदानावर स्नेहसंमेलन झाले, लग्नाला मैदान दिले, की मंडपवाल्याचे खुंटे, लोखंडी सळीचे तुकडे आणि बांधणीची तार गवतात राहतेच. मॉवर लावण्याआधी दोन माणसांनी मैदान पायी फिरून वेचून काढायचे. यात कंटाळा नको. कापणी चालू असताना मैदानात एकही मूल नको. खेळाच्या तासाच्या वेळेला मॉवर काढूच नका.

आता बिघाड शोधण्याकडे येऊ. माझे एक मागणे आहे: पाना हातात घेण्याआधी कापलेल्या गवतावर जा आणि उकिडवे बसा. यंत्राची अर्धीअधिक तक्रार तिथे कळते.

हरळीचे एक पाते बोटांत धरून टोक बघा. धार चांगली असेल तर टोक सरळ छाटलेले दिसते. धार गेलेली असेल तर टोकाला पांढरट तंतू लोंबतात आणि एक-दोन दिवसांत ते तपकिरी होतात. लांबून बघणाऱ्याला वाटते पाणी कमी पडले, आणि माळी पाणी वाढवतो. पाण्याचा काही संबंध नसतो, कानशीचा असतो.

मग उभे राहून कापलेल्या पट्ट्याकडे मागून बघा. न कापलेली बारीक रेघ सरळ चाललेली दिसते का? ती दोन पात्यांच्या मधल्या जागी आहे का? मधले पाते बाजूच्या दोघांच्या थोडे पुढे-मागे बसवलेले असते, म्हणजे त्यांचे घेरे एकमेकांवर काही सेंटिमीटर चढतात. टोके झिजून पाती आखूड झाली की हा चढ संपतो आणि रेघ सुटते. रेघ फक्त वळणावर येत असेल तर पाती ठीक आहेत, तुम्ही वळण फार आवळून घेत आहात. आणि सुटलेला पट्टा ट्रॅक्टरच्या टायरएवढा रुंद असेल तर कारण वेगळेच: टायरने दाबलेले गवत उभे राहत नाही. ते उभे करायचे काम पात्याच्या मागच्या वर वळलेल्या पंखाचे आहे. तो पंख पंख्यासारखी हवा वर ओढतो. रेस कमी असेल किंवा पंख झिजला असेल, तर ओढ कमी पडते.

या पंखाबद्दल थोडे जास्त बोलतो. आपण मैदानावर वाळू-माती पसरतो, उन्हाळ्यात धूळ असतेच. ती वर ओढली जाताना पंखाच्या मुळाशी, जिथे पाते वळते तिथे, घासत राहते. वरून पाते जाडजूड दिसते, पण वळणाशी बोट फिरवा, पत्रा कागदासारखा झालेला असतो. तिथे चीर दिसली, भोक दिसले, की पाते भंगारात. वेल्डिंग करून घेऊ नका, वाकलेले पाते ठोकून सरळ करू नका. ताशी अडीचशे किलोमीटरने फिरणारा तुकडा सुटला तर तो कुठे जाईल ते कोणाच्या हातात नसते.

गवतात पायऱ्या दिसत असतील, म्हणजे एक पट्टा खाली आणि शेजारचा वर, तर मॉवर सिमेंटच्या फरशीवर घ्या. इंजिन बंद, किल्ली खिशात, पीटीओ शाफ्ट ट्रॅक्टरकडून काढलेला, डेकखाली (पात्यांवरच्या लोखंडी झाकणाखाली) चारी कोपऱ्यांना लाकडी ठोकळे. नुसत्या लिफ्टवर भरवसा ठेवून डेकखाली हात घालायचा नाही. हायड्रॉलिकचे सील कधी सोडेल सांगता येत नाही. हातात जाड मोजे घाला. एका पात्याचे टोक समोर आणा, फरशीपासून उंची मोजा. पाते अर्धा फेरा फिरवा आणि दुसरे टोक त्याच जागी मोजा. फरक आला तर पाते वाकले आहे किंवा शाफ्ट. नवे पाते लावून पुन्हा मोजा. फरक राहिलाच तर शाफ्ट. दोन्ही टोके सारखी, पण डाव्या-उजव्या पात्यांत फरक, तर चाकांची उंची किंवा टायरची हवा. पुढची बाजू मागच्यापेक्षा ६ ते १० मिलिमीटर खाली हवी. मागची खाली राहिली तर कापलेलेच गवत पाते पुन्हा कापते, ट्रॅक्टर दमतो आणि पुल्यांवरचा पट्टा (बेल्ट) तापतो.

धार लावताना जुना कोन पाळा, साधारण ३० अंश. वस्तऱ्यासारखी बारीक धार पहिल्या खड्यालाच दुमडते. ग्राइंडर टेकवून ठेवू नका, लोखंड निळे पडले की तेवढी जागा मऊ झाली. मग भिंतीत आडवा खिळा मारून पाते मधल्या भोकावर लटकवा. एक बाजू खाली गेली तर तिकडचे लोखंड कमी करायचे, पण धारेवरचे नाही, टोकाच्या मागच्या बाजूचे. असमतोल पाते बेअरिंग खाते, आणि लोक बेअरिंगच्या कंपनीला दोष देतात. बसवताना पंख वर, डेककडे. हे सांगावे लागते, कारण उलटी बसवलेली पाती मी पुष्कळ पाहिली आहेत.

आता पट्टा. काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. तीन स्पिंडल, गिअरबॉक्सची पुली आणि आयडलर (पट्टा ताणून धरणारी पुली) यांच्यातून तो कसा गेला आहे ते नंतर आठवत नाही. पट्टा स्क्रू ड्रायव्हरने खेचून चढवला तर आतले दोर तुटतात, वरून काही दिसत नाही आणि थोड्याच दिवसांत तो लांबतो. स्प्रिंगचा ताण सोडूनच चढवायचा. पट्टा वारंवार तुटत असेल तर तिसरा पट्टा आणायच्या आधी पुलीची खाच बघा. व्ही पट्ट्याने खाचेच्या दोन्ही बाजू धरायच्या असतात. खाचेचा तळ चकाकत असेल तर पट्टा तळाला टेकतोय, म्हणजे पुली झिजली किंवा पट्टा चुकीच्या मापाचा आहे. मग आयडलर हाताने फिरवा. तो अडकत असेल तर पट्टा त्याच्यावरून घासत जातो, आणि जळक्या रबराचा वास तिथूनच येतो. पट्ट्यावरची झाकणे उघडून वाळलेले गवत दर वेळी काढा. गरम बेअरिंगशेजारी सुकलेली हरळी म्हणजे आगीला आमंत्रण.

स्पिंडलची तपासणी सोपी आहे. पट्टा उतरवला की पाते धरून वरखाली हलवा. प्ले लागला तर बेअरिंग गेले. हलकेच फिरवा, खरखर जाणवते का बघा. पाते काढून त्याच्या बुडाशी बघा, तिथे सुतळी, नायलॉनचा दोरा गुंडाळलेला असतो. संक्रांतीनंतर तर मांजा हमखास असतो. तो सीलखाली शिरून सील कापतो, ग्रीस बाहेर येते, धूळ आत जाते. बेअरिंग बदलताना जुन्यावरचा नंबर वाचा. समजा ६२०५ निघाला, तर आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात मिळेल, कंपनीच्या पुडक्यासाठी आठवडाभर थांबायची गरज नाही. फक्त दोन्ही बाजूंनी रबरी सील असलेले मागा. जिथे निप्पल (ग्रीस भरायचे तोंड) आहे तिथे ग्रीस द्या, पण गन मारत सुटू नका. दाबाने सीलच बाहेर येते.

गिअरबॉक्सचे तेल पातळीच्या बोल्टपर्यंत, बहुतेक ठिकाणी ९० नंबर चालते, तरी मॅन्युअल बघा. तेल दुधाळ झाले तर पाणी शिरले. सील पुन्हापुन्हा गळत असेल तर आधी वरचे हवेचे भोक साफ करा.

पीटीओ शाफ्टवर मात्र घाई करणार नाही. ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे. पाच सेंटिमीटर जाडीच्या नळीवर एका सेकंदात जवळजवळ दीड मीटर कापड गुंडाळले जाते. उपरणे, सैल बाही, पदर, काहीही. ओढून काढू म्हणेपर्यंत सगळे संपलेले असते. प्लास्टिकचे गार्ड फुटले म्हणून काढून टाकलेले मशिन वापरू नका, नवे गार्ड बसवा. शाफ्टचे क्रॉस (टोकांच्या वळणाऱ्या सांध्यांतले तुकडे) रोज काम सुरू करण्याआधी ग्रीस करा. लिफ्ट वरखाली करून बघा: सगळ्यात आखूड जागी आतली नळी तळाला टेकता कामा नये, इंचभर मोकळीक हवी, सगळ्यात लांब जागी एक तृतीयांश तरी आत राहिली पाहिजे.

आणि सिंगल क्लच, म्हणजे चाकांना आणि पीटीओला मिळून एकच क्लच असलेले जुने ट्रॅक्टर. क्लच दाबला तरी तीन पाती वेगात फिरतच असतात, आणि ती पीटीओमार्गे गिअरबॉक्सला, गिअरबॉक्स चाकांना ढकलतो. ट्रॅक्टर थांबत नाही. कंपाउंडच्या भिंतीजवळ वळताना हे फार धोक्याचे आहे. यासाठी ओव्हररनिंग क्लच नावाचा तुकडा मिळतो, एकाच दिशेने जोर पोहोचवणारा. काही मॉवरमध्ये तो आतच असतो, नसेल तर पीटीओच्या दांड्यावर लावायचा. त्याने लांबी वाढते, म्हणून शाफ्टची लांबी पुन्हा तपासा. कापावा लागला तर दोन्ही नळ्या आणि गार्ड सारखेच कापा.

(श्रोत्यांतून प्रश्न: पावसाळ्यात गवत थांबतच नाही, ओले असतानाच कापावे लागते. मग काय करायचे?)

थोडे तरी थांबा. सकाळचे दव, पाऊस उतरून वारा लागेपर्यंत. ओले गवत डेकच्या आत थर धरते, हवेची वाट बुजते आणि कापलेले गवत ढिगांनी पडते. त्या ढिगाखालची हरळी दोन दिवसांत पिवळी पडते. जमीन दाबल्यावर पाणी वर येत असेल तर ट्रॅक्टर मैदानात घालूच नका. टायरचे चर पुढच्या हंगामापर्यंत राहतात. खंड पडून गवत गुडघ्याएवढे वाढले असेल तर एकदम खाली आणू नका. चाके सगळ्यात वरच्या भोकात लावून एक फेरी, दोन-तीन दिवसांनी एक भोक खाली घेऊन आडवी दुसरी. एका वेळी एक तृतीयांशापेक्षा जास्त उंची काढायची नाही.

काम संपले की त्याच दिवशी डेकची आतली बाजू लाकडाच्या पट्टीने खरवडा. पाण्याचा जोरदार फवारा स्पिंडलवर मारू नका, पाणी सीलमधून आत जाते. धुतलेच तर नंतर दोन मिनिटे पाती फिरवून पाणी उडवा आणि मग निप्पलना ग्रीस द्या. आणि जून लागायच्या आत पात्यांचा एक जादा जोड धार लावून, तोलून, तेलाचे बोट फिरवून कपाटात ठेवा. भर पावसात उघडीप दोन तासांची मिळते, तेव्हा ग्राइंडरपाशी उभे राहायला वेळ नसतो.