किल्ली बंद, तरी इंजिन चालू

मित्रहो, जुन्या स्पोर्ट्स कारचं इंजिन किल्ली बंद केल्यावरही गचके खात चालत राहतं, तेव्हा आधी एक गोष्ट तपासा: ठिणगी खरोखर थांबली आहे का? ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलच्या पॉझिटिव्ह टोकाला टेस्ट लॅम्प लावा आणि किल्ली बंद करा. दिवा जळतच राहिला तर दोष इग्निशन स्विचमध्ये किंवा वायरिंगमध्ये आहे. हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरला हात लावू नका. दिवा विझला आणि इंजिन तरीही धडधडतंय, तर पेट्रोल ठिणगीशिवाय पेटतंय.

यासाठी तीन गोष्टी लागतात: हवा, पेट्रोल आणि ज्वलनकक्षात तापलेली एखादी जागा. पेट्रोल पंप बंद होतो, पण कार्ब्युरेटरमधली पेट्रोलची छोटी टाकी, म्हणजे फ्लोट चेंबर, भरलेली असते आणि फिरतं इंजिन त्यातून पेट्रोल ओढतच राहतं. बहुतेक लोक थेट इंजिनात साचलेला कार्बन काढायच्या मागे लागतात. माझ्या मते सुरुवात हवेपासून करावी, कारण थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी-मिटणारी झडप) नीट मिटलेलं असेल तर इंजिनाला चालत राहायला पुरेसं मिश्रणच मिळत नाही.

उदाहरण एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचं घेऊ. तिच्या नंतरच्या इंजिनांचं आयडलिंग, म्हणजे गाडी उभी असतानाचा इंजिनाचा वेग, साधारण 750 ते 850 आरपीएम (मिनिटाला फेरे) असतं. ते 1,100 वर असेल तर नुसता आयडलिंगचा स्क्रू मागे घेऊन भागत नाही, तसं केलं तर इंजिन लगेच बंद पडतं. थ्रॉटल इतकं उघडं का ठेवावं लागलं, हे शोधायला हवं. पहिला संशय टायमिंगवर, म्हणजे ठिणगी पडण्याच्या वेळेवर, घ्या. ठिणगी उशिरा पडत असेल तर तेवढ्याच आरपीएमसाठी थ्रॉटल जास्त उघडावं लागतं, शिवाय एक्झॉस्टही जास्त तापतो. म्हणून टायमिंग बदलणारी व्हॅक्युमची नळी काढून, तिचं तोंड बंद करून, स्ट्रोब लाइटने (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याने) टायमिंग हँडबुकातल्या आकड्यावर आणा. कार्ब्युरेटरची पाळी त्यानंतर.

एसयू या ब्रिटिश कंपनीच्या कार्ब्युरेटरच्या काही थ्रॉटल डिस्कमध्ये स्प्रिंगवर बसणारा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. स्प्रिंग सैल झाली की थ्रॉटल मिटलेलं असतानाही तिथून हवा आत जाते आणि स्क्रू कितीही फिरवला तरी आयडलिंग खाली येत नाही. तो व्हॉल्व्ह सोल्डरने बंद करा किंवा साधी डिस्क बसवा. थ्रॉटल शाफ्टची झीज, मॅनिफोल्डची (मिश्रण इंजिनात नेणाऱ्या नळीची) गॅस्केट आणि ब्रेकला जोर देणाऱ्या सर्व्होची नळीही तपासा. तिथून शिरणारी हवा मिश्रण पातळ करते, आणि पातळ मिश्रणाने इंजिन जास्त तापतं.

मिश्रण पाहायला इंजिन गरम असताना एसयू कार्ब्युरेटरच्या आतला पिस्टन (इंजिनाचा नव्हे) त्याच्या उचलायच्या पिनने साधारण 0.8 मिलिमीटर उचला. आरपीएम क्षणभर किंचित वाढून परत जागेवर आलं तर ठीक. वाढलेलंच राहिलं तर मिश्रण दाट, लगेच पडलं तर पातळ. पातळ असेल तर पेट्रोल सोडणाऱ्या जेटचा नट खाली फिरवा, पण एका वेळी षटकोनी नटाची एकच बाजू, म्हणजे 60 अंश. इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने मिश्रण आपोआप पातळ होतं, तेव्हा जुन्या सेटिंगवर विसंबू नका.

आता तापलेल्या जागा. स्पार्क प्लग पाहा: एनजीके कंपनीचा बीपी6ईएस या इंजिनाला चालतो. एनजीकेमध्ये आकडा लहान म्हणजे प्लग जास्त गरम, चॅम्पियन कंपनीच्या प्लगमध्ये नेमकं उलट. ब्रँड बदलताना गफलत इथेच होते. थर्मोस्टॅट, रेडिएटर, पेट्रोलचं ऑक्टेन बघून घ्या. एवढं करूनही त्रास उरला तरच हेड उतरवून पिस्टन आणि ज्वलनकक्षावरचा कार्बन काढा.

अमेरिकेसाठीच्या नंतरच्या एमजीबीत यासाठी विजेवर चालणारा एक सोलेनॉइड व्हॉल्व्ह बसवलेला असे. किल्ली बंद होताच तो मॅनिफोल्डचं व्हॅक्युम फ्लोट चेंबरवर लावतो आणि जेटमधून पेट्रोल येणं थांबतं. त्याचं अर्थिंग ऑइल प्रेशर स्विचमधून जातं, म्हणून प्रेशर उतरलं की तो आपोआप सुटतो. तो काम करत नसेल तर लाइनमधला फ्यूज, मग तो स्विच आणि शेवटी चिरलेल्या नळ्या बघा. या मार्गात कुठेही हवा शिरली तरी व्हॅक्युम टिकत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत किल्ली बंद करण्याआधी इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवा. तरीही चालू राहिलं तर टॉप गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा आणि क्लच हळूहळू सोडून ते बंद पाडा. आपोआप थांबेल म्हणून वाट पाहू नका; असं इंजिन कधी उलटंही फिरतं, आणि तेव्हा ऑइल पंपही उलटा फिरून बेअरिंगना तेल मिळत नाही.