पायाला मुंग्या येतात, पण नेमक्या कुठे?

(एका वाचनालयाच्या सभागृहात मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)

मंडळी, आत येताना प्रत्येकाला एक कागद मिळाला असेल. त्यावर दोन पायांची चित्रं आहेत, पुढून आणि मागून. ती आमच्या कंपाउंडरने काढली आहेत, त्यामुळे पाय जरा घोड्यासारखे झालेत, चालवून घ्या. ज्यांच्या पायाला मुंग्या येतात, आग होते, बधीर वाटतं, त्यांनी मी बोलत असताना तेवढीच जागा पेन्सिलीने काळी करायची. सरसकट पाय रंगवायचा नाही.

दवाखान्यात माणूस येतो तोच निदान घेऊन. "डॉक्टर, नस दबलीय." नाहीतर "शिरेवर शीर चढलीय", नाहीतर "वात आहे". मी विचारतो, कुठे? मग हात कमरेवर ठेवतो आणि टाचेपर्यंत खाली नेतो. आपली भाषाही इथे थोडा घोळ घालते. रक्ताची ती शीर आणि संवेदनेची तीही शीरच. म्हणून पोटरीवर निळ्या फुगलेल्या शिरा दिसल्या की मुंग्यांचा आळ त्यांच्यावर येतो. मी आज बोलतोय ते मज्जातंतूंबद्दल, ते बाहेरून दिसत नाहीत. पायाची कातडी या तंतूंनी आपसांत वाटून घेतलेली आहे, गावची जमीन गट नंबरांनी वाटलेली असते तशी. गट सांगा, सातबारा मी काढतो.

एक उदाहरण देतो. पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या. उजव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला, तळहाताएवढ्या जागेत, विलक्षण आग. साडीचा काठ घासला तरी सहन होईना. आधी एमआरआय झाला होता, त्यात कमरेच्या मणक्यांमधली एक गादी थोडी फुगलेली दिसली. झालं, कमरेला पट्टा आला. सहा महिने त्यांनी तो इमाने-इतबारे घट्ट आवळून बांधला आणि आग वाढत गेली. मी तपासलं तर पायात ताकद उत्तम, हातोडी मारल्यावर येणारा गुडघ्याचा झटका उत्तम, गुडघ्याखाली काही म्हणजे काही नाही. मांडीच्या त्या तुकड्याला संवेदना देणारा एक बारीक तंतू असतो. तो कमरेच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळून, जांघेतल्या पट्ट्याखालून बाहेर पडतो. परकराची नाडी नेमकी तिथून जाते. आधी नाडीने दाबलं, मग वरून औषध म्हणून दिलेल्या पट्ट्याने दाबलं! पट्टा सोडला, नाडीच्या जागी रुंद इलास्टिक आलं, थोडं वजन उतरलं. तीनेक महिन्यांत आग गेली.

हा विकार पोलिसांच्या पट्ट्याने होतो, घट्ट जीन्सने होतो, गरोदरपणात होतो, पोट सुटल्यावर होतो, मधुमेह असेल तर अधिक. १८९५ साली बर्लिनच्या बर्नहार्ट यांनी आणि मॉस्कोच्या रोट यांनी त्याचं वर्णन केलं. त्याच वर्षी सिग्मंड फ्रॉइड यांनीही त्यावर लिहिलं, कारण त्यांच्या स्वतःच्या मांडीला हेच होत होतं. मनाच्या डॉक्टरांनाही मांडीचं दुखणं मांडीतच शोधावं लागलं.

एमआरआयला मी दोष देत नाही. पण १९९४ मध्ये अमेरिकेत कंबर अजिबात दुखत नसलेल्या ९८ माणसांचे एमआरआय काढले, तेव्हा कमरेच्या सगळ्या गाद्या ठीकठाक असलेली निघाली फक्त ३६ टक्के. म्हणजे चाळिशी-पन्नाशीत फुगलेली गादी दिसणं हे केस पिकण्यासारखं असू शकतं. ती गादी आणि तुमचं दुखणं एकाच गटात पडतात का, हे जुळवायला हवं. पाचव्या कंबरमणक्याचा तंतू पावलाच्या वरच्या भागावर, अंगठ्याकडे उतरतो. त्याच्या खालचा करंगळीकडे आणि तळव्याकडे. ढुंगणातून निघालेली कळ या वाटेने पावलात गेली, खोकताना चमकली, तर तिला सायटिका म्हणा. आयुर्वेदात याला गृध्रसी म्हणतात, म्हणजे गिधाडासारखी चाल. ज्याने हे नाव ठेवलं त्याने रुग्ण चालताना नीट पाहिला असणार.

पाऊल वर उचलताच येत नाही, चालताना फटफट आपटतं, असं झालं तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, खालच्या हाडाच्या डोक्यापाशी बघायचं. तिथे तंतू कातडीच्या लगेच खाली आहे. तासन् तास उकिडवं बसून शेतात लावणी करणारे, पायावर पाय टाकून बसणारे, झटक्यात वजन उतरवलेले, यांच्यात तो दबतो.

आता दोन्ही पायांचं बोलू. एका पायाचं दुखणं सहसा कुठेतरी अडलेलं असतं. दोन्ही तळव्यांना सारखंच होत असेल, बोटांपासून सुरू होऊन मोजा चढवावा तसं वर सरकत असेल, तर रक्त तपासा. सगळ्यांत लांब तंतू पायाच्या बोटांपर्यंत जातात, जवळजवळ एक मीटर, म्हणून झीज आधी तिथे दिसते. पहिला संशय मधुमेहाचा. त्याची खूण मी चपलेवरून ओळखतो. चप्पल पायातून निसटते आणि माणूस तसाच चार पावलं पुढे जातो. यातली फसवी गोष्ट अशी की मुंग्या थांबल्या की लोक पेढे वाटतात. कधी कधी मुंग्या थांबतात त्या तंतू पुरता मेल्यामुळे.

दुसरा संशय बी-१२ जीवनसत्त्व कमी पडण्याचा. पिढ्यान् पिढ्या शाकाहारी घरं, आणि त्यात वर्षानुवर्षं मधुमेहाची मेटफॉर्मिन घेणारे. ही गोळी बी-१२ कमी करते. म्हणून ती मनानेच बंद करायची नाही, बी-१२ मोजून घ्यायचं. तोंडाला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो का, हे मी विचारतोच. हो म्हणाले तर नुकसान पाठीच्या मज्जारज्जूपर्यंत गेलेलं असू शकतं. उलट बी-६ अति झालं तर त्यानेच तंतू बिघडतात, आणि "नसांच्या गोळ्या" म्हणून दोन-तीन कंपन्यांच्या गोळ्या एकदम घेणारे मला दर आठवड्याला भेटतात. दारू, थायरॉइड, किडनी, क्षयाचं आयसोनियाझिड, कर्करोगाची काही औषधं, हीसुद्धा यादीत धरा.

कुष्ठरोगाचं नाव काढलं की सभागृह गप्प होतं, तरी काढतो. २००५ च्या अखेरीस देशाने निर्मूलनाचं उद्दिष्ट गाठलं, म्हणजे दहा हजारांत एकापेक्षा कमी रुग्ण. आजार संपला असा त्याचा अर्थ नाही. अंगावर एकही चट्टा नसताना नुसते तंतू जाड होणारा प्रकार आपल्याकडे दिसतो. औषध फुकट आहे, बरा होतो, लपवल्याने बोटं जातात.

आणि ज्यांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल? तंतूंच्या विजेच्या तपासणीत जाड, वेगवान तंतू मोजले जातात. आग आणि वेदना वाहणारे बारीक तंतू त्यात दिसतच नाहीत. रात्री पायावर चादर नको वाटते, आणि कागद म्हणतो काही नाही. मग घरचे म्हणतात, मनाचे खेळ. तसं म्हणू नका. अशांची जेवणानंतरची साखर तपासा, नुकती वर सरकायला लागलेली साखरही हे करते. एकाच मज्जातंतूचा पट्टा धरून ठणकत असेल तर दोन-तीन दिवस कातडी बघत राहा, नागिणीचे फोड कळेनंतर उठतात.

थांबायचं नाही अशा दोनच गोष्टी सांगतो. जुलाब होऊन गेल्यावर काही दिवसांनी बोटांत मुंग्या आणि रोज पाय अधिक लुळे: २०२५ च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात गियाँ-बारेचे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच तंतूंवर उलटते त्या आजाराचे, रुग्ण असेच आले होते. आणि सायकलच्या सीटला टेकतो तेवढा भाग बधिर होऊन लघवी अडली, तर त्याच रात्री रुग्णालय.

द्या आता कागद. काका, तुम्ही दोन्ही पायांना मोजे रंगवलेत, उद्या उपाशीपोटी या आणि घेत असलेल्या गोळ्यांची पाकिटं सगळी आणा. ताई, तुमची करंगळीची कड. कंबर दुखते? बरं. आजी, तुमचा कागद कोराच? काय म्हणताय... "पायाला काही कळतच नाही, मग रंगवू काय?" आजी, बसा इथे खुर्चीवर. चप्पल काढा, आधी तळवे बघू द्या.