राजाचा चाकू

[दृश्य: अंधारी खोली. शेगडीतला विस्तव. त्यावर हळूहळू आक्रसत जाणारा लिखित पट.]

यरुशलेम, इ. स. पूर्व ६०४. हिब्रू वर्षाचा नववा महिना, थंडीचे दिवस. यहूदाचा राजा यहोयाकीम आपल्या हिवाळी महालात बसला आहे आणि त्याच्यापुढे शेगडी पेटलेली आहे. एक अधिकारी त्याला पट वाचून दाखवतो आहे. यिर्मया संदेष्ट्याने तोंडी सांगितलेलं आणि बारूखाने शाईने लिहून घेतलेलं परमेश्वराचं वचन त्या पटावर आहे.

तीन-चार स्तंभ वाचून होतात. राजा लेखकाचा चाकू घेतो, वाचून झालेला भाग कापतो आणि विस्तवात टाकतो. पुन्हा तीन-चार स्तंभ, पुन्हा चाकू. तिघे दरबारी विनवतात, महाराज, जाळू नका. राजा त्यांचं ऐकत नाही. शेवटी सगळा पट राख होतो.

यिर्मयाच्या ग्रंथातला हा ३६वा अध्याय. तो वाचताना मला राजाच्या रागापेक्षा त्याचा शांतपणा अस्वस्थ करतो. वचन त्याच्यापर्यंत पोहोचलंच नाही, असं म्हणायला जागा नाही. तो ऐकत होता, आणि ऐकलेलं कापत होता.

याच राजाचा बाप योशीया. सुमारे १८ वर्षांपूर्वी, मंदिराच्या डागडुजीत नियमशास्त्राचा ग्रंथ सापडला आणि तो योशीयापुढे वाचला गेला. ते शब्द ऐकताच त्याने आपली वस्त्रं फाडली. बापाने वस्त्रं फाडली, मुलाने पट फाडला. मूळ हिब्रूत दोन्ही ठिकाणी क्रियापद एकच आहे. आणि यिर्मयाचा ग्रंथ मुद्दाम नोंदवतो की यहोयाकीमच्या महालात त्या दिवशी कोणीही वस्त्रं फाडली नाहीत.

[दृश्य: ओसाड रान. दूरवर मंदिराची उंच भिंत.]

सत्य आणि असत्य यांची पारख म्हटलं की आपली नजर बाहेर जाते. खोटे संदेष्टे, खोटी शिकवण, कोणीतरी दुसरा. योहानाने प्रत्येक आत्म्यावर विश्वास ठेवू नका, त्यांची परीक्षा करा असं सांगितलंच आहे, आणि ते सांगणं आजही तितकंच निकडीचं आहे. पण शास्त्रातली सर्वात मोठी फसवणूक कशी झाली ते पाहा. सैतान प्रभू येशूला मंदिराच्या शिरोभागी उभा करतो आणि खाली उडी टाकायला सांगतो. आधाराला वचन देतो, ९१व्या स्तोत्रातलं. देवदूत तुला हातांवर झेलतील, हे शब्द तिथे खरोखरच आहेत. फक्त "तुझ्या सर्व मार्गांत" एवढे शब्द त्याने गाळले. आणि तो थांबला कुठे? सर्पाला पायाखाली तुडवण्याचं वचन अगदी लगेच पुढे येतं, त्याच्या आधी.

येशूने ते स्तोत्र खोटं ठरवलं नाही. तो एवढंच म्हणाला, "असेही लिहिले आहे." आणि अनुवाद या ग्रंथातलं वचन पुढे ठेवलं: परमेश्वराची परीक्षा पाहू नको.

"असेही" या एका शब्दापाशी मी बराच काळ थांबलो आहे. एका वचनाशेजारी दुसरं वचन ठेवायचं, म्हणजे पहिलं कुठे कापलं गेलं ते दिसतं.

[दृश्य: जुन्या छापखान्यातले खिळे. कागदावर उमटणारी अक्षरं.]

१८०७ साली लंडनमध्ये एक बायबल छापलं गेलं, वेस्ट इंडीजमधल्या ब्रिटिश वसाहतींतल्या गुलामांसाठी. त्यात दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं हे वचन होतं. योसेफाची गुलामगिरी होती. पण इस्राएल लोकांची मिसरातून सुटका, निर्गमाचा तो सारा गाभा, नव्हता. ख्रिस्तात दास नाही आणि स्वतंत्र नाही, हे गलतीकरांना लिहिलेलं वचनही नव्हतं. जे छापलं होतं त्यात खोटा शब्द नव्हता, तरी ते पुस्तक खोटं बोलत होतं.

हे करणारे लोक चर्चला जाणारे होते. म्हणून मला ही गोष्ट इतिहासात ढकलून मोकळं होता येत नाही.

कापणं आपल्यालाही सोपं जातं. वचनांना आज जे आकडे दिसतात ते मूळ लिखाणात नव्हते. अध्यायांची आजची विभागणी १३व्या शतकातली. नव्या करारातल्या वचनांचे आजचे आकडे १५५१ साली रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने घातले. शोधायला फार सोयीचे आहेत. पण त्यामुळे एकेक वचन सुटं उचलून भिंतीवर लावण्याची सवयही लागली.

यिर्मया २९:११ घ्या. हिताचे संकल्प, अनिष्टाचे नव्हेत. किती घरांत ते लावलेलं असतं! त्याच्या वरचं वचन मात्र क्वचितच कोणी लावतं. ७० वर्षं, असं तिथे लिहिलं आहे. हे बाबेलातल्या बंदिवानांना पाठवलेलं पत्र आहे: घरं बांधा, बागा लावा, मुलांची लग्नं करा, कारण इतक्यात परतणं नाही. ते ऐकणाऱ्यांपैकी कितीतरी जण परक्या मातीतच मरणार होते.

त्याच सुमारास हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात उभा राहून सांगत होता की दोन वर्षांत सगळं परत येईल. त्यावर यिर्मया काय म्हणाला? "आमेन! परमेश्वर तसे करो." त्यालाही तेच हवं होतं. तरी हवंसं वाटतं म्हणून त्याने ते खरं मानलं नाही. मग यिर्मयाच्या मानेवर बाबेलच्या सत्तेची खूण म्हणून असलेलं लाकडी जू हनन्याने काढून सर्वांदेखत मोडलं, तेव्हाही वाद न घालता यिर्मया आपल्या वाटेने निघून गेला. उत्तर त्याने परमेश्वराकडून आल्यावरच दिलं. पारख करणाऱ्या माणसाचं याहून खरं चित्र मला शास्त्रात सापडलेलं नाही.

[दृश्य: उघडं पवित्र शास्त्र. पान उलटणारा हात.]

बिरुया गावच्या लोकांनी पौलाचा उपदेश आतुरतेने ऐकला आणि मग, हे असंच आहे का, म्हणून दररोज शास्त्र तपासलं. प्रेषिताला तपासलं! पौल दुखावला गेल्याचं कुठे लिहिलेलं नाही. उलट लूक त्यांना मोठ्या मनाचे म्हणतो. एखाद्या उपदेशकाला तपासून घेण्याचा राग येत असेल, तर मला त्याची काळजी वाटते. आणि दुसरी बाजूही आहे: बिरुयाचे लोक पौलाची चूक काढायला बसले नव्हते. आधी आतुरता होती. थेस्सलनीकाकरांना सर्व गोष्टींची पारख करा असं सांगण्याआधी पौल लिहितो, संदेशांचा धिक्कार करू नका.

तरीही नुसत्या तपासण्याने भागत नाही. येशू म्हणाला, जो देवाच्या इच्छेप्रमाणे करायला तयार असेल त्याला कळेल की ही शिकवण देवापासून आहे की नाही. आधी करायची तयारी, मग कळणं. मी अनेक वर्षं हे उलट धरून बसलो होतो: सगळं पटलं की पाळीन.

मत्तय ५ मधलं एक वचन मी नेहमी भरभर वाचून पुढे गेलो आहे. तू वेदीजवळ आपलं दान आणलं आहेस, आणि तिथे तुला आठवलं की तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे. दान तिथेच ठेव. आधी जा, भावाशी समेट कर, मग येऊन दान अर्पण कर.

हे ऐकणारे लोक गालीलात होते. वेदी यरुशलेमात. पायी सुमारे तीन दिवसांची वाट. इतकं चालून माणूस अंगणात पोहोचलाय, आणि आता त्याला भाऊ आठवतो.

[दृश्य: वेदीजवळ बांधून ठेवलेलं कोकरू. उत्तरेकडे निघालेला एक माणूस, पाठमोरा.]